सातशे जंबेरी आणि एक मोसंबी

दीपकशेठला या व्यवहारात काय सुटणार होतं ते आधी मांडतो. सहाशे कलमं, नग दीडशे रुपये, म्हणजे नव्वद हजार. मजुरी, पिकअपचं भाडं, पिशव्या, पट्ट्या वजा जाता हातात पासष्टच्या आसपास. एवढ्या पैशांसाठी दीपकशेठ पायातली चप्पलही बदलत नाही. त्याला हवं होतं ते वेगळंच. फाटकावर सरकारी मनाई चिकटलेली असतानाही 'माल दीपककडेच मिळतो' अशी हवा पार मालेगावपर्यंत राहावी.

चतुराबाईंना सुटणार होतं ते एका ओळीचं: दिवाळीच्या तोंडावर घराला कडी लावून द्राक्षाच्या छाटणीला जायचं नाही. ना या वर्षी, ना पुढे कधी.

आणि मला? मला पगार. मी दीपकशेठच्या दिंडोरीकडच्या नर्सरीत अठरा वर्षं नोंदवही लिहितो. लोक आप्पा म्हणतात. कुठलं रोप कधी पेरलं, कुठे गेलं, किती मेलं, हे सगळं माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात.

मोसंबीचं कलम म्हणजे दोन झाडांचा संसार. खाली जंबेरी. आंबट, काटेरी, कुठेही तग धरणारी. तिला खुंट म्हणायचं. तिच्या सालीला चीर द्यायची, गोड मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा साल न फाटता काढायचा, त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. हे काम आमच्याकडे बावीस वर्षं चतुराबाई गावित करत होत्या. पेठकडच्या डोंगरातल्या वाडीच्या. दिवसाला चारशे डोळे भरायच्या आणि शंभरातले पंच्याण्णव जगायचे. बाकीच्या बायकांचे ऐंशी जगले तरी शेठ पेढा वाटायचा. पेढा एकच, आणि तो चार जणींत.

त्यांच्या अंगणात एक मोसंबी होती. नर्सरीतून टाकून दिलेल्या खुंटावर त्यांनी स्वतः डोळा भरला होता. वीस वर्षांचं झाड, पातळ सालीचं, होळीपर्यंत फळ धरून ठेवणारं. शेठ दर वर्षी एक टोपली फुकट खायचा आणि म्हणायचा, "चतुराबाई, तुमच्या झाडापुढं माझा अख्खा प्लॉट पाणी भरतो." हे तो मजुरी वाढवायची वेळ आली की जास्त म्हणायचा.

मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात आमच्या मोसंबीच्या प्लॉटमध्ये पानं पिवळी पडली. सगळी नाहीत. एका पानाची अर्धी बाजू हिरवी, अर्धी पिवळी, जणू दोन भावांनी वाटणी केली आहे. कृषी खात्याच्या तृप्ती मॅडम आल्या, पानं घेऊन गेल्या आणि तीन आठवड्यांनी कागद घेऊन परतल्या.

"ग्रीनिंग आहे," त्या म्हणाल्या. "याला औषध नाही. झाडं उपटून जाळायची. आणि आजपासून दोन वर्षं लिंबूवर्गातलं काही या फाटकाबाहेर जाणार नाही. रोप नाही, फांदी नाही, पान नाही."

"आन् लिंबू खाल्लं, त्याची बी?" शेठने विचारलं.

"ती गिळा."

मॅडम वयाने लहान, पण जिभेला धार. त्यांनी एका कोवळ्या शेंड्याला उलटं करून आम्हाला दाखवलं. "हा सायला. तिळाएवढा किडा. शेंड्यात अंडी घालतो, या झाडावरून त्या झाडावर रोग नेतो. कलम असो, खुंट असो, त्याला फरक पडत नाही."

शेठने जांभई दिली. मी ऐकलं. मी ऐकलं, एवढं इथे लिहून ठेवतो.

मग सुरू झाली खरी गंमत. एरवी मोसंबीचं रोप सत्तर रुपयांना घ्या म्हणून आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे. आता रोप बंद म्हटल्यावर दिवसाला चाळीस फोन. आंबा घ्या म्हटलं तर नको. पेरू नको. जे मिळत नाही तेच पाहिजे. शहरातल्या गंगापूर रोडवरच्या एक बाई तर गाडी घेऊन आल्या. गच्चीवर कुंडीत एकच लिंबाचं झाड लावायचं होतं. "एकाने काय होतंय हो?" त्यांनी आवाज इतका खाली आणून विचारलं की मीच इकडेतिकडे बघितलं. ड्राय डेला बाटली मागावी तसे लोक लिंबू मागत होते.

सरकारी रोपवाटिकेत दाखल्याची शुद्ध रोपं होती, पण यादी दोन वर्षांची. त्या यादीत थांबायला मालेगावकडचा संतोष तयार नव्हता. त्याने सहाशे खड्डे खणून ठेवले होते. शेणखत भरलं होतं, ठिबक अंथरलं होतं.

"पानी शे, वावर शे, पैसा शे," तो शेठसमोर खुर्चीत रेलून म्हणाला. "झाडंच नही. गावातली पोरं माझ्या खड्ड्यांमध्ये क्रिकेटचा बॉल शोधतात, दीपकभाऊ. बायको म्हणते, एवढे खड्डे खणले, आता गावच पुरा त्यात."

"सरकारी यादीत नाव घाल."

"घातलं. एकशे एकोणनव्वदावा. मी म्हातारा झाल्यावर मोसंबीचा रस पिऊ का? दात लागत नही म्हणून?" मग तो पुढे वाकला. "तुझ्याच्याने होत नसेल तर सांग. गुजरातेत एक जण देतो म्हणतो. कागद नही, पण झाड देतो."

गुजरातचं नाव निघालं आणि शेठच्या कानाची पाळी लाल झाली. अठरा वर्षांत ती तीनदाच लाल झालेली मी पाहिली आहे, आणि तिन्ही वेळेला नुकसान दुसऱ्याचं झालं.

मागच्या वाफ्यावर शेडनेटखाली अजून डोळे न भरलेली दोन हजार जंबेरी होती. तीही जाळायची होती, पण मोजणी दोन दिवसांनी होती. शेठने मला बोलावलं. "आप्पा, मर कितीची लागते आपल्याला?"

मर म्हणजे आपोआप मेलेली रोपं. वहीत तिचा वेगळा रकाना आहे. "शंभरात पाच," मी म्हणालो.

"यंदा पाऊस लय झाला. मुळं कुजली असतील."

मी समजलो. त्या संध्याकाळी माझ्या चांगल्या अक्षरात एका ओळीत सातशे जंबेरी मेली.

दुसऱ्या दिवशी ती मेलेली जंबेरी पिकअपमध्ये चढली. वरून आणि मागून आंब्याच्या कलमांच्या दोन रांगा लावल्या. आंब्याला मनाई नव्हती, आणि पेठ-सुरगाण्याकडे आंबा कायमच जातो. नाक्यावर हवालदाराने विचारलं, "काय?" शेठ म्हणाला, "केशर." हवालदार म्हणाला, "फळ लागलं की आठवण ठेवा." एवढ्यावर निभावलं.

चतुराबाईंचा नवरा बहिरू ओट्यावर दोरी वळत बसला होता. आमची गाडी बघून तो उठला नाही. "आली का स्वारी? आपली झाडं मेली वाटतं, आता आमच्या झाडाकडं निघाली."

"बहिरूभाऊ, तुझ्या तोंडात मोसंबी पडो," शेठ हसला. "झाड मागायला नाय आलो. तुझ्या बायकोला मालकीण करायला आलो."

चतुराबाई आतून पाणी घेऊन आल्या. शेठने मांडणी केली. खुंट शेठचे. डोळे त्यांच्या अंगणातल्या मोसंबीचे. डोळे भरायचे इथेच, वाडीत, कारण वाडी मनाईच्या वर्तुळाबाहेर. एका डोळ्याला दीड रुपयाऐवजी वीस रुपये, कारण जूनपर्यंत कलमं जगवायचीही त्यांनीच. आणि बिल शेठच्या नावाचं नाही. चतुराबाईंच्या नावाचं.

"माझ्या?"

"छापून आणलंय." त्याने बिलबुक काढलं. वर मोठ्या अक्षरात चतुराबाई बहिरू गावित, फळरोपे. खाली वाडीचा पत्ता. चतुराबाईंनी हात पुसले आणि मगच ते हातात घेतलं. चौथीपर्यंत शिकलेल्या. आपलं नाव त्यांनी बोटाने वाचलं, मग नवऱ्यापुढे धरलं. बहिरूला वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

इथे एक सांगायला हवं. तृप्ती मॅडम या वाडीत आधी येऊन गेल्या होत्या. आमच्या नर्सरीतल्या सगळ्या कामगारांच्या घरची लिंबूवर्गातली झाडं त्यांनी तपासली होती. चतुराबाईंच्या मोसंबीचा दाखला आला: निरोगी. मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या, "मावशी, असं झाड आता सोन्यासारखं. दोन वर्षं ओळीने तपासणी स्वच्छ आली की हे मातृवृक्ष म्हणून नोंदवू. मग तुम्हाला परवाना. सरकार तुमच्याकडून डोळे विकत घेईल. पण तोवर बाहेरचं काही जवळ आणू नका." अर्ज भरून झाला होता. एक तपासणी झाली होती, दुसरीला सव्वा वर्ष होतं.

चतुराबाईंनी हे शेठला सांगितलं.

"ते होईलच की," शेठ म्हणाला. "सरकार सरकारच्या चालीनं येईल. तोवर दिवाळी येईल. दिवाळीला तुम्ही कुठं असाल? द्राक्षात. मग परवाना घ्यायला घरी कोण?"

बहिरूने दोरी वळायची थांबवली.

"खुंट कुठला?" चतुराबाईंनी विचारलं. आणि विचारताना शेठकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मी मोसंबीकडे बघत होतो.

"जंबेरीच ती," शेठ म्हणाला. "लांबच्या वाफ्यातली. तुम्हाला मी सांगायचं? बावीस वर्षं डोळे भरताय. रोग कुठून येतो?"

"डोळ्यातून," त्या म्हणाल्या. हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. नवीन बाई कामाला लागली की तिला हेच शिकवतात: डोळा पारखून घे, खुंटाला कोण विचारतं? चाकू निर्मळ, डोळा निर्मळ, की कलम निर्मळ. चतुराबाईंनी हे वाक्य स्वतः शंभर बायकांना शिकवलं असेल.

"मग? डोळा तर तुमच्याच झाडाचा."

त्यांनी पाच-पंचवीस जंबेरी हातात घेऊन पानं उलटसुलट केली. पिवळं काही दिसलं नाही. शेठकडच्या बायका डोळा भरताना जंबेरीचा वरचा शेंडा छाटून टाकतात, जागा वाचते. चतुराबाई छाटायच्या नाहीत. डोळा फुटेपर्यंत शेंडा ठेवायच्या. "खुंटाचं तोंड बंद केलं तर तो डोळ्याला काय भरवील?" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यामुळेच त्यांचे शंभरातले पंच्याण्णव जगायचे. सातशे जंबेरी त्यांनी मोसंबीच्या सावलीत लावून घेतली, सातशे हिरवेगार कोवळे शेंडे वर ठेवून.

त्या दिवाळीला वाडीतल्या सगळ्या घरांना कड्या लागल्या. एक घर उघडं राहिलं. डोळे भरायचं काम चालू होतं तेव्हा मी हिशेबासाठी गेलो. चतुराबाई पोत्यावर बसून झपाझप हात चालवत होत्या, बहिरू पट्ट्या कापून देत होता आणि कुरकुरत होता. "बावीस वर्षं ही शेटची मजूर. आता मी हिचा मजूर."

"मग? मजुरी देते ना," त्या म्हणाल्या.

"कवा दिली?"

"जेवतोस ते काय आहे?"

मला त्यांनी चहा दिला, त्यात मोसंबीचं पान टाकून. गूळ जास्त होता. त्या घरात मी एवढं हसणं आधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ओट्याच्या भिंतीवर खडूने एक चौकोन काढून ठेवला होता. पाटी लावायची जागा. परवाना आला की.

जूनमध्ये सहाशे चाळीस कलमं तयार झाली. संतोष स्वतः ट्रक घेऊन आला. सहाशे नेली, चाळीस वरून मागितली आणि तीही नेली. चतुराबाईंच्या नावाचं बिल मी फाडलं. सही त्यांनी केली. ती करायला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागला, पण पूर्ण केली, आडनावासकट. शेठने वीस रुपयांप्रमाणे पैसे मोजून दिले. एक रुपया बुडवला नाही. याबाबतीत त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

डिसेंबरात तृप्ती मॅडम दुसऱ्या तपासणीला गेल्या. मोसंबीच्या खालच्या फांदीवर तीन पानं अर्धी पिवळी होती. चतुराबाईंना वाटलं होतं, थंडीने. फळं एका कुशीवर वाढली होती. मॅडमनी पान तोडलं, पिशवीत घातलं आणि चहाला न थांबता निघाल्या. त्या थांबल्या नाहीत तेव्हाच समजायला हवं होतं.

निकाल आला त्याच आठवड्यात मालेगावकडूनही निकाल आला. संतोषच्या दोनशे झाडांत रोग. त्याने शेठचं नाव न काढता मॅडमपुढे बिल ठेवलं. त्यावर नाव ठळक होतं.

मॅडमनी शेठला फोन केला तेव्हा मी समोर होतो. "मॅडम, आमचं लिंबूवर्गातलं सगळं बंद हाय," शेठ म्हणाला. "तुम्हीच मोजून गेलात, वही बघितलीत. आमच्याकडनं पानसुद्धा बाहेर नाय. बिलावर नाव कुणाचं ते बघा की." मग फोन ठेवून तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही जा वाडीवर. पंचनाम्याला लिहिणारा माणूस लागंल त्यांना. गरीब माणसं हायेत, जरा सांभाळून लिहा."

मी गेलो. वाडीतले लोक ओट्याभोवती जमले होते. नियम असा की एका झाडात रोग निघाला की वस्तीतली लिंबूवर्गातली सगळी झाडं जातात. चटणीला, पाहुण्याला, दृष्ट काढायला, म्हणून प्रत्येक अंगणात एखादं लिंबू होतंच. चतुराबाईंच्या जावेने आपल्या झाडाला हात लावू देणार नाही म्हणून त्याला मिठी मारली होती. ती सोडवायला चतुराबाईच गेल्या. जाऊ त्यांना काय म्हणाली ते मी लिहीत नाही.

मॅडम ओट्यावर बसल्या. "मावशी, खरं सांगा. तुमचं झाड वर्षापूर्वी स्वच्छ होतं. मीच लिहून दिलंय. बाहेरचं काय आणलंत?"

चतुराबाईंनी पदराने ओटा पुसला.

"खुंट कुठून आले? जंबेरी तुमच्याकडे उगवत नाही. कुणी दिली ते सांगितलंत तर चौकशी त्याची होईल. परवान्याचं मी वर बोलेन."

"सांग ना," बहिरू ओरडला. "तोंडाला काय झालं? सांग, नायतर मी सांगतो."

"तू गप," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून आपल्या बोलीत त्याला म्हणाल्या, "अकरा बायका तठं कामाला हायेत. त्यांची चूल तू पेटवशील?"

त्या अकरा जणी तिथेच उभ्या होत्या. आंब्याची कलमं बांधायला रोज शेठच्या गाडीतून जाणाऱ्या. त्यातली कुणीही वर बघत नव्हती. मिठी मारून बसलेली जाऊही त्यांतलीच.

"माझे मीच आणले," चतुराबाई मॅडमना म्हणाल्या. "रानातून."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "आप्पा, तुम्ही अठरा वर्षं नर्सरीत आहात. सातशे जंबेरी रानात मिळते?"

उत्तर दोन अक्षरांचं होतं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कार्यालयाला शेठ पैसे देणार होता, हे सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मला त्यातलं काही आठवलं नाही. मी फक्त सवयीने वही उघडली.

"शोधली तर मिळत असेल," मी म्हणालो.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग त्या चतुराबाईंना म्हणाल्या, अगदी हळू, "तुम्ही शेंडे छाटले असते ना मावशी, तर कदाचित वाचलं असतं. किडा शेंड्यात होता."

चतुराबाईंनी मान वर केली. आतापर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं. जावेचे शब्द, नवऱ्याचं ओरडणं. हे मात्र त्यांना ऐकवलं नाही. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, उलटे केले, सुलटे केले, पानं बघतात तसे.

"शेंडा मी ठेवला," त्या म्हणाल्या. "म्या."

खात्याचे मजूर करवत घेऊन पुढे आले तेव्हा त्यांनी ती मागून घेतली. बहिरूने दुसरं टोक धरलं. वीस वर्षांचं झाड, खोड मांडीएवढं, अर्ध्या तासात आडवं झालं. खालच्या बाजूला, बुंध्याजवळ, डोळा भरलेल्या जागेची गाठ अजून दिसत होती. त्या गाठीच्या खाली कापायला त्यांनी सांगितलं. मुळासकट काढायचं होतं म्हणून नंतर खणावं लागलंच. फळं कुणाला द्यायची नव्हती. तीही आगीत गेली, आणि सगळ्या वाडीत भाजलेल्या सालीचा वास भरून राहिला.

आता कोणी काय भरलं ते. दीपकशेठची मनाई पुढच्या पावसाळ्यात उठली. सध्या तो ड्रॅगन फ्रूट विकतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, याला कसलाच रोग नाही. संतोषला ओळखीने सरकारी यादीत वरचा नंबर लागला. खड्डे तेच, ठिबक तेच, वर्ष एक गेलं. माझ्या मुलीचं लग्न कार्यालयात झालं. मॅडमची बदली झाली, ती वेळेवरची होती म्हणतात. चतुराबाईंचा अर्ज फेटाळला गेला, आणि रोपं करून विकायला त्यांना पाच वर्षं बंदी. शेठने त्यांना परत कामावर घेतलं नाही. खात्याच्या नजरेत यायला नको, म्हणाला. पुढच्या दिवाळीआधी त्या बहिरूसोबत पिंपळगावकडच्या द्राक्षात गेल्या. वाडीतून गेलेल्या ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

पंचनामा माझ्याच अक्षरात आहे. नष्ट केलेली झाडं: मोसंबी एक, लिंबू एकोणीस, इडलिंबू तीन. घरं चौदा. भरपाई: निरंक. रोग आणण्यास जबाबदार: चतुराबाई बहिरू गावित, एकटी. खाली तिची सही, आडनावासकट, आणि पंच म्हणून माझी.